शेजारच्या प्लॉटवर हॉल होतोय आणि आमच्याकडे 'ना हरकत' वर सही मागितली आहे. सही करावी का?

रमणमळाकर (कोल्हापूर)

नमस्कार. आमचं घर रमणमळ्याच्या बाजूच्या एका जुन्या कॉलनीत आहे. समोरचा रस्ता नऊ मीटरचा. डावीकडे चार गुंठ्यांच्या प्लॉटवर काकांचा बंगला आहे, तळमजला आणि वर एक मजला. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत, पण माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून ते काकाच आहेत.

गेल्या रविवारी काका आणि त्यांचा थोरला मुलगा घरी आले. बंगला पाडून खाली लग्नमुंजीसाठी हॉल आणि वर पाहुण्यांच्या खोल्या बांधायच्या आहेत, असं म्हणाले. प्लॉट लहान असल्यामुळे आमच्या बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, कमी करून मागणार आहेत. 'हार्डशिपमध्ये बसतं' असं त्यांच्या आर्किटेक्टने सांगितलंय म्हणे. त्यासाठी पाचशेच्या मुद्रांकावर शेजारी म्हणून आमची 'ना हरकत' हवी आहे. मजकूर टाइप करून आणला होता: "सदर बांधकामास व वापरास आमची कोणतीही हरकत नाही व भविष्यात राहणार नाही." आम्ही विचार करून सांगतो म्हटलं. कागद अजून टीव्हीखालच्या कप्प्यात आहे.

माझ्या काळज्या सांगते.

आमच्या स्वयंपाकघराची आणि सासूबाईंच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे. आत्ता मधे तीन मीटर जागा आहे. ती निम्मी झाली तर दिवसाही दिवा लावावा लागेल. बोअरही त्याच भिंतीलगत आहे.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की आत्ताच घंटागाडी उलटी काढावी लागते. लग्नाच्या दिवशी काय होईल ते दिसतंच आहे.

आणि सगळ्यात मोठी काळजी पाण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. दोन्ही कंपाउंडच्या मधून एक गटार मागच्या नाल्याला जातं, आमच्या अंगणातलं सगळं पाणी त्यातूनच निघतं. काकांचा मुलगा प्लॉटवर तीन फूट मुरमाचा भराव टाकायचं म्हणतोय. मग ते पाणी कुठे जायचं?

आता अवघड भाग. २०१९ ला बोट यायच्या आधी सासूबाईंना काकांनीच त्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं. आमचं घर बैठं आहे. त्या माणसाच्या कामाला 'हरकत आहे' असं लिहून देताना माझा हात चालत नाही. पण सही करून देतानाही चालत नाही.

सही दिली नाही तर त्यांचं काम अडतं का? आणि दिली तर आमच्या हातात पुढे काय उरतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं.

---

निवृत्त नगररचना, पुणे

ताई, एका कागदात तीन वेगळे विषय बांधून आणलेत, म्हणून तुमचा गोंधळ होतोय. अंतर, वापर आणि भराव. तिन्ही सुटे करून बघा.

आधी अंतर. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि कोल्हापूर तिच्यात येतं. बृहन्मुंबईसारखी काही क्षेत्रं तेवढी बाहेर आहेत. तिच्यात परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाला एक विशेषाधिकार दिलेला आहे: एखाद्या प्रकरणात नियम तंतोतंत पाळल्याने खरीखुरी, दाखवून देता येणारी अडचण (हीच ती 'हार्डशिप') होत असेल तर विशेष लेखी परवानगीने सवलत देता येते. मात्र इमारतीतल्या आणि शेजारपाजारच्या लोकांचं आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. 'शेजारपाजार' हा शब्द त्या नियमातच आहे, तो लक्षात ठेवा. आणि तीन गोष्टींत, नियमावलीतच दुसरीकडे तसं लिहिलं नसेल तर, सवलत नाही: रस्त्याच्या हद्दीपासूनचं अंतर, चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) आणि पार्किंग. म्हणजे गाड्यांची तुमची काळजी 'हार्डशिप' म्हणून बाजूला सारता येत नाही. हॉलला लागणारं पार्किंग त्याच चार गुंठ्यांत दाखवावं लागेल. चार गुंठे म्हणजे साधारण चारशे चौरस मीटर. त्यात हॉल, पार्किंग आणि चारी बाजूंची मोकळी जागा कशी बसवणार, हा पहिला प्रश्न त्यांच्या आर्किटेक्टला विचारायला हवा.

अडचण कुणाची, हाही मुद्दा आहे. प्लॉट वेडावाकडा आहे, पुढचा भाग रस्तारुंदीत गेलाय, मागे विजेची उच्चदाब वाहिनी आहे, ही जागेची अडचण. चांगल्या आकाराच्या प्लॉटवर मोठी इमारत बसत नाही ही माझ्या मते नियमाला अभिप्रेत असलेली अडचण नव्हे.

मग वापर. दाट वस्तीच्या भागाबाहेर बारा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा रहिवासी प्लॉट आर-१ झोनमध्ये येतो. दाट वस्तीत ही मर्यादा नऊ मीटर आहे. आर-१ आणि रुंद रस्त्यावरच्या आर-२ मध्ये चालणाऱ्या वापरांच्या याद्या वेगळ्या आहेत, आणि मंगल कार्यालयासारख्या इमारतीला घरापेक्षा कितीतरी जास्त सामासिक अंतर लागतं. म्हणजे जिथे अंतर वाढायला हवं तिथेच ते कमी करून मागताहेत. तुमची कॉलनी विकास योजनेत कुठल्या भागात आहे ते आधी नक्की करा. झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तुमचा भाग) यांसाठी नगररचना विभागात अर्ज करा, तुमच्या स्वतःच्या मिळकतीचा मागितला तरी शेजारचा प्लॉट त्या नकाशात दिसतो.

झोनच बदलायचा असेल तर वाट वेगळी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात राजपत्रात सूचना येते, एक महिन्याच्या आत कुणालाही हरकत वा सूचना देता येते, बाधितांना सुनावणी मिळते आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो. 'हार्डशिप'च्या सवलतीत यातलं काहीच नाही. शेजाऱ्याला कळवायचंही बंधन नाही. तुमचे काका स्वतःहून घरी आले म्हणून तुम्हाला कळलं. तो त्यांचा चांगुलपणा आहे, हे मी मुद्दाम लिहितो.

तुमच्या दोन प्रश्नांची थेट उत्तरं. सही दिली नाही म्हणून त्यांचा अर्ज आपोआप नामंजूर होत नाही. शेजाऱ्याची संमती फाइलला वजन यावं म्हणून जोडतात, निर्णय प्राधिकरणाचाच. पण दिलीत, आणि "वापरास" व "भविष्यात" हे शब्द त्यात राहिले, तर उद्या तुम्ही तक्रार घेऊन गेलात की पहिल्यांदा तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल. हेही जाणून घ्या, की परवानगी नाकारली गेली तर अर्जदाराला कलम ४७ खाली अपील आहे. परवानगी मिळाली म्हणून नाराज झालेल्या शेजाऱ्याला तसं अपील नाही, त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून तुमचं म्हणणं परवानगीच्या आधी फाइलवर असणं महत्त्वाचं.

आजच्या मजकुरावर सही करू नका.

---

मिरजकर

मी थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. राग मानू नका.

आमचा मिरजेतला प्लॉट दीड गुंठ्याचा. वडिलोपार्जित. रस्तारुंदीत पुढची पट्टी गेली आणि उरलेल्या जागेत नियमाने सगळी अंतरं सोडली असती तर मधे एक खोली उभी राहिली असती. आम्ही हीच सवलत मागितली. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी सह्या दिल्या. त्या सह्यांमुळे माझ्या आईला शेवटची वर्षं स्वतःच्या घरात काढता आली. सवलत मागणारा प्रत्येक माणूस बिल्डर नसतो. जुन्या गावठाणांत, पेठांत तर ही सवलत नसती तर निम्मी घरं पुन्हा बांधताच आली नसती.

तुमच्या काकांनी घर बांधायला अंतर मागितलं असतं तर मी 'द्या सही' म्हटलं असतं. हॉल म्हणजे मात्र धंदा आहे आणि त्याचा त्रास रोजचा. तरी सरळ 'नाही' म्हणण्याआधी विचारा, की त्यांना नक्की काय हवंय? उत्पन्न हवं असेल तर वर भाड्याच्या दोन खोल्या, खाली एखादा दवाखाना असंही होऊ शकतं. माझ्या शेजाऱ्याने सही देताना अट घातली होती, की त्याच्या बाजूला खिडकी ठेवायची नाही आणि छपराचं पाणी माझ्याच हद्दीत उतरवायचं. मी ती नकाशातच दाखवून घेतली. आजही आम्ही एकमेकांच्या घरी गणपतीला जातो.

---

निवृत्त नगररचना, पुणे

मिरजकरांचं पटलं, आणि सवलत मुळात त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. फक्त एक सांगतो. अट नकाशात दाखवून घेतली हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम झालं तर कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. मुद्रांकावरची खाजगी अट मोडली तर तुम्हाला दिवाणी दावा लावत बसावं लागतं.

---

बार्देशकार (गोवा)

ताई, आमच्याकडचा कायदा वेगळा आहे, पण तुमचं वाचून राहवलं नाही.

गोव्यात प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या 'चुका दुरुस्त' करायच्या म्हणून नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आणलं. त्याखाली एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलत गेला. आज हे शेत, उद्या ती डोंगराची उतरण. गावातल्या लोकांना जेसीबी आल्यावर कळायचं. लोक न्यायालयात गेले आणि २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. झोन बदलायच्या दुसऱ्या कलमात, ३९अ मध्ये, निदान तीस दिवसांत सूचना द्यायची सोय ठेवली होती. आमच्या गावातली काही मंडळी आता राजपत्र आलं की आपल्या गावाचं नाव शोधतात, आणि सापडलं की घरोघर सांगतात.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की एका प्लॉटचं म्हणून सोडू नका. तुमच्या रस्त्यावर पहिला हॉल झाला की दुसरा अर्जदार त्याच पहिल्या हॉलकडे बोट दाखवतो. कॉलनीतल्या बाकीच्यांशी बोललात का? ज्यांच्या दारात गाड्या लागणार त्यांचंही हे दुखणं आहे. पण एकाच मजकुरावर पन्नास सह्या नकोत. प्रत्येकाने आपल्या घराला काय होईल ते आपल्या शब्दांत लिहावं.

---

रमणमळाकर (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल संध्याकाळी काकांकडे गेले. कागद सोबत नेला, सही न करता. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ वाचूनच दाखवलं.

पार्किंगमध्ये सवलत नसते हे काकांना माहीतच नव्हतं. मुलाने आर्किटेक्टला लगेच फोन लावला. तिकडून 'बघू, बसवू' असं उत्तर आलं. मुलगा माझ्यावर चिडला, "तुम्हाला आमचं बरं झालेलं बघवत नाही का?" असं म्हणाला. ते मला फार लागलं. काकू मधे पडल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घर दोनदा पाण्यात गेलंय. पेन्शन नाही. पोरगं नोकरीला पुण्याला जायचं म्हणतंय, हॉल झाला तर इथे राहील." हे मला ठाऊक नव्हतं. मिरजकर, तुम्ही म्हणालात तेच विचारायला हवं होतं.

मी त्यांना सांगितलं, की तुम्ही घर बांधा, वर भाड्याला खोल्या काढा, त्यासाठी अर्धा मीटर कमी पडत असेल तर मी सही देईन, खिडक्या सोडून आणि गटार मोकळं ठेवून, नकाशात दाखवून. हॉलला मी सही देणार नाही, आणि अर्ज गेला तर माझं म्हणणं लेखी देईन. हे तोंडावर सांगितलं म्हणजे मागून कळलं असं व्हायला नको. समोरच्या दोन घरांशीही बोलले आहे, ते आपापलं लिहिणार आहेत.

सोमवारी काका आणि मी दोघं मिळून भाग नकाशा मागायला जाणार आहोत. भरावाबद्दल मात्र सरांनी लिहिलं नाही. आमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे, तिचा उपयोग होईल का?

---

निवृत्त नगररचना, पुणे

राहिलंच ते. खरं तर आधी लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. निळ्या रेषेच्या आत नवा हॉल हा विषयच उभा राहू नये. तिथे जुन्या अधिकृत घराच्या पुनर्बांधणीचाच काय तो विचार होतो, आणि जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवावी लागते. दोन रेषांच्या मधे असाल तरी जोत्याची अट आहेच. म्हणून काकांचा मुलगा उंची वाढवायचं म्हणतोय ते चुकीचं नाही. पण जोतं उंच करणं आणि पूर्ण प्लॉट मुरमाने भरणं यांत फरक आहे. इमारत खांबांवर उचलून खालची जागा मोकळी ठेवली तर पाणी येतं आणि जातं, आणि तिथे गाड्याही लागतात. प्लॉट भरला तर तेवढं पाणी तुमच्या बैठ्या घराकडे वळतं.

सोमवारी भाग नकाशावर दोन्ही रेषा दाखवून मागा. भिंतीवरच्या खुणेचा फोटो टेप लावून काढा, जमिनीपासून किती ते वाचता आलं पाहिजे. जमलं तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर त्या दिवशी किती फूट पाणी होतं तेही सोबत लिहा. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, त्यावरून अधिकाऱ्याला लगेच अंदाज येतो. गटाराची रुंदी मोजून, ते कुठून कुठे जातं याचा हाताने काढलेला नकाशा जोडा.

अर्जावर सिटी सर्व्हे नंबर नीट लिहा, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेऊनच बाहेर पडा.