किटची तपासणी म्हणजे अपमान? मग घरीच बसा की

केंडलकर
परवा ‘हलकाफुलका’ यांनी इथे गळा काढला होता. इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टमधली फेल रेस, म्हणजे डोंगरावरची शर्यत, लख्ख ऊन, हे धावून आले, शेवटी बमबॅग (कमरेची पिशवी) उघडायला लावली, वॉटरप्रूफ पँट निघाली नाही आणि बाद केलं. ‘पोरखेळ आहे नुसता, आयोजकांना हवालदार व्हायची हौस’ इति. खाली ‘अगदी अगदी’ म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, लांबलं.

त्या टेबलामागे मी उभा असतो. फुकट, पहाटे उठून. एफआरएची, म्हणजे फेल रनर्स असोसिएशनची, यादी सगळ्यांना पाठ आहे: हूडवालं वॉटरप्रूफ जाकीट, तशीच पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीचं खाणं. तरी लोक काय काय घेऊन येतात! जाकिटाची बाही उलटी केली की आतून शिवणीवर टेप चिकटवलेली दिसायला हवी. नसली तर सुईच्या भोकाभोकातून पाणी आत. ते दाखवलं की समोरचा म्हणतो, ‘लेबलवर वॉटरप्रूफ लिहिलंय ना पण!’ एकाने तर पोराची पँट घडी घालून आणली होती. घालून दाखवा म्हटलं, मांडीवर चढेना.

ऊन होतं म्हणे. २००८ च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, जर्मनीतल्या झुगश्पिट्झ डोंगरावरच्या शर्यतीत हाफ पँटवाले बर्फात सापडले, दोघे गेले. चीनमध्ये गान्सूला २०२१ च्या मे महिन्यात १७२ जण निघाले, त्यातले २१ मेले. जाकीट सक्तीचं नव्हतं, ‘घेतलंत तर बरं’ एवढंच. कित्येकांचं पुढच्या ठाण्यावर पाठवलेल्या पिशवीत पडून होतं.

हलकाफुलका
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे.

गान्सू १०० किलोमीटरची होती, साहेब. कुठे ती आणि कुठे आमची सकाळी सुरू होऊन जेवायच्या आत संपणारी. बरं, नियम आहे तर सगळ्यांना लावा. जिंकणाऱ्याच्या कमरेला सुपारीच्या बटव्याएवढी पिशवी असते, त्यात म्हणे पँटही आहे आणि जाकीटही. ती कोण उघडतं? सापडतो तो मधल्या गर्दीतला.

आणि खर्चाचं बोला की. फी दहा पौंडांच्या आसपास, टेपवालं जाकीट आणि पँट मिळून दोनशेच्या घरात. फेल रेसचा दिग्गज जॉस नेलर त्याच्या पहिल्या शर्यतीत कामाचे बूट आणि गुडघ्यावर कापलेली पँट घालून धावला होता. मेंढपाळांचा खेळ दुकानदारांच्या घशात घातलात.

केंडलकर
नेलर त्याच डोंगरात मेंढ्या राखायचा. तुम्ही आयटीत आहात.

उत्तरदिशा
अवांतर आहे, पण राहवत नाही. पँट-जाकिटावर एवढी मारामारी, होकायंत्राबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. यादीत आहे म्हणून सगळे बाळगतात, वापरता येतं किती जणांना? स्कॅफेल पाइक डोंगराजवळच्या एस्क हॉज खिंडीत दाट धुकं होतं. एक तरणाबांड गडी होकायंत्र फोनच्या पाठीवर ठेवून उभा, आणि सुई त्याच्या फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाकडे तोंड करून बसलेली. ‘उत्तर इकडे,’ म्हणून स्कॅफेल पाइकला पाठ करून निघाला होता. तपासणीत हा शंभर टक्के पास बरं का!

टेबलावर वस्तू बघता, माणसाला विचारत नाही. नकाशा समोर धरा, ‘तुम्ही इथे आहात, तिथे जायचंय, कोन काढा’ म्हणा. निम्मी रांग घरी जाईल.

बिनतारी
काका, कुठल्या जमान्यात आहात? मनगटावर जीपीएस आहे. वाट आधीच भरलेली असते, चुकलं की घड्याळ थरथरतं. होकायंत्र म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया.

उत्तरदिशा
एक तर मी काका नाही, काकू आहे. दुसरं, घड्याळावर रेघ दिसते, रेघेखालचा कडा दिसत नाही. ओल्या हातमोज्याने टचस्क्रीन चालवून दाखवा, मग बोलू.

बिनतारी
काकू, माफी. पण कडा माझ्या घड्याळात दिसतो, कंटूरसकट. बटणंही आहेत. धुक्यात आपण मुळात कुठे आहोत हे तुमचा नकाशा सांगतो का? घड्याळ सांगतं.

उत्तरदिशा
बॅटरी संपलेलं घड्याळ काय सांगतं?

बिनतारी
फाटलेला नकाशा जे सांगतो तेच.

सह्यवेडा
इथे पुण्यात उलटी तऱ्हा. मे महिन्यातल्या ट्रेलला आमच्याकडे चांदीच्या कागदाचं ब्लँकेट मागतात. युरोपातली यादी उतरवून काढलेली. घामाने अंघोळ झालेली असताना ब्लँकेट! आणि पाणी किती हवं? अर्धा लिटर चालेल म्हणे.

केंडलकर
सह्यवेडा, वेगळा धागा काढा. काकू आणि बिनतारी, तुम्हीही.

रात्रपाळी
मी इथल्या माउंटन रेस्क्यूत आहे. आम्हीही बिनपगारी, म्हणून केंडलकरांना एकट्यालाच हुतात्मा होऊ देणार नाही.

हलकाफुलका, जाकीट-पँट धावताना घालायला नसते हो. धावताना अंगाची भट्टी पेटलेली असते. घोटा मुरगळला की ती विझते, कपडे घामाने चिंब, माथ्यावर वारा. आम्ही स्ट्रेचर घेऊन पोचेपर्यंतचे दोन-तीन तास काढायला ती पँट. खाली दरीत लोक आइस्क्रीम खात असतात आणि वर माणूस दात वाजवत पडलेला असतो. त्याला बोलतं ठेवायला मी क्रिकेटचा स्कोअर विचारतो. जीभ जड झाली की कळतं, हा घसरतोय. २००८ च्या ऑक्टोबरात बॉरोडेलला ओएमएम, म्हणजे दोन दिवसांची डोंगरातली मॅरेथॉन, वादळात रद्द झाली, टीव्हीवाले १७०० बेपत्ता म्हणून ओरडत होते. मेलं कोणीच नाही. तंबू, स्लीपिंग बॅग पाठीवर होती, नियमाने.

पण केंडलकर, तुमच्या तपासणीचा मला तितकाच राग आहे. सुरुवातीला टेबलावर चौघे बाह्या उलट्या करणार आणि शेवटी कोण आलं, कोण नाही हे मोजायला एक पोरगी, भिजलेली वही घेऊन. २०१२ च्या एप्रिलात बटरमियरच्या सेलबेक शर्यतीत एक जण परतलाच नाही. ते कळायला उशीर झाला आणि तो गारठून मेला. त्यानंतर नियम आवळले. तरी आजही अर्ध्यातून सोडून न सांगता गाडीत बसून घरी जाणारे आहेतच. आम्ही रात्री डोंगर पालथा घालतोय आणि हे सोफ्यावर! त्यांना बाद करा, जन्मभर.

केंडलकर
मोजणीचं मान्य. माणसं मिळत नाहीत, यायचं का तुम्ही?

रात्रपाळी
मी डोंगरावर असतो, दादा.

हलकाफुलका
घोट्याचं पटलं. पँट घेईन, कळस चढवल्याचं समाधान मिळो तुम्हाला. मात्र पहिल्या दहांच्या पिशव्या माझ्यासमोर उघडायच्या.

केंडलकर
पुढच्या वेळी टेबलामागे या, तुम्हीच उघडा. साडेसहाला. चहा मिळेल.

हलकाफुलका
साडेसहाला?? बघतो.

उत्तरदिशा
रविवारी दहाला होनिस्टरच्या गाडीतळावर नकाशा-होकायंत्र शिकवते आहे. फोन गाडीत ठेवून यायचं.

बिनतारी
लोकेशन टाका, काकू. घड्याळात भरून ठेवतो.