टॅटू तिथेच का काढला? दुखऱ्या, नाजूक, झाकलेल्या जागांचे अनुभव सांगा

रेवा_डहाणूकर
परवा छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढून आले. (काळजी करू नका, रिपोर्ट नॉर्मल, झोप कमी पडत होती बास.) तिथल्या ताईंनी गार जेल लावलं, ते रबरी फुगे एकेक चिकटवत डाव्या बरगडीकडे आल्या, शेवटचा काखेखाली लावतात ना तो, आणि थांबल्या. म्हणाल्या, हे कुणाचं अक्षर आहे हो? दहा वर्षांत हा प्रश्न नवऱ्याशिवाय कुणी विचारला नव्हता, कारण कुणाला दिसतच नाही. मी म्हणलं बाबांचं. मग तिथेच आडवी पडल्या पडल्या डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या हलू नका, रेघ वेडीवाकडी येईल.

बाबा शिक्षक होते. वही तपासली की लाल शाईने ‘छान’ लिहायचे आणि खाली दोन रेघा. ते गेल्यावर माझी सातवीची वही माळ्यावर सापडली, ते पान घेऊन मी २०१५ च्या नोव्हेंबरात पुण्यात एफसी रोडच्या आतल्या गल्लीत एका मुलाकडे गेले. तो म्हणाला मनगटावर काढा, पहिलाच आहे, बरगडीवर सोसवणार नाही. पण मनगटावर काढलं की ऑफिसात रोज कुणीतरी विचारणार आणि मी रोज सांगणार, आणि सांगून सांगून ते गुळगुळीत होणार. मला ते तसं नको होतं.

दुखलं. बरगडीवर कातडी पातळ, खाली लगेच हाड, आणि श्वास घेतला की सगळंच हलतं, म्हणून तो म्हणायचा ‘सोडा श्वास’ आणि तेवढ्यात एक रेघ मारायचा. पण त्याने त्याआधी जे केलं त्याचं मला फार कौतुक आहे. स्टेन्सिल (कातडीवर आधी उमटवतात तो कच्चा नमुना) मी उभी असताना लावलं. हात वर करायला लावला, खाली, मग बसायला लावलं, वाकायला लावलं. बसल्यावर शिरोरेघ तिरकी व्हायची म्हणून दोनदा पुसून परत लावलं. आणि मी म्हणलं अगदी बारीक काढ, तर नाही म्हणाला, छ च्या पोटात जागा ठेवावी लागते, शाई वर्षानुवर्षं थोडी पसरते, बारीक काढलं तर दहा वर्षांनी छ चा ठिपका होईल. आज आरशात बघितलं, छ चं पोट अजून मोकळं आहे.

तुम्ही कुठे काढलात आणि तिथेच का, लिहा ना. ज्यांनी ठरवून मग नाही काढला त्यांनी पण.

मृद्गंध
पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे. जुलै महिना, पुण्यातला पाऊस, मुलीला शाळेत सोडायला रोज त्याच साचलेल्या पाण्यातून. सँडलचा पट्टा नेमका त्यावर. बूट घालावा तर मोजा ओला. खपल्या सुकायच्याच नाहीत, दोन पाकळ्यांचा रंग निघून गेला, दिवाळीनंतर परत भरून घेतला. पायावर काढायचा तर पावसात नको ग बायांनो, एवढंच सांगते, कुकर झालाय

पानशेतचा_वारा
रेवाताई ते छान वाचून घशात आवंढा आला. बाबा कोणता विषय शिकवायचे?

रेवा_डहाणूकर
@पानशेतचा_वारा गणित. भूमितीच्या आकृतीला पेन्सिलला टोक नसेल तर वही परत यायची :)

पानशेतचा_वारा
आमच्या सरांचं पण सेम. शिवाय कंपास नवनीतसारखी चकचकीत ठेवा म्हणायचे. आता मुलाच्या कंपासपेटीत फक्त चॉकलेटचे कागद असतात

अण्णा_बिबवेवाडी
माझ्या आईच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हाताच्या आतल्या बाजूला गोंदण होतं. हातावर तुळशीवृंदावन. तिला कुणी विचारलं नव्हतं कुठे काढू. जत्रेत गोंदणारीण बसली होती, मावशीने मांडीत दाबून धरलं, नऊ की दहा वर्षांची होती. तीन चार सुया एकत्र बांधलेल्या, काजळी, कसला तरी पाला चोळलेला. ती म्हणायची कोपराच्या आत टोचलं तेव्हा मी मावशीच्या हाताला चावले होते. आणि सोनं इथेच राहतं, मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण एवढंच, हे पण म्हणायची.
शेवटच्या दोन वर्षांत मी तिला अंघोळ घालायचो. कातडी सैल झाली होती, वृंदावन पार हिरवट आणि पसरट, पण साबण लावताना हात तिथे आला की ती स्वतःहून हात पुढे करायची. तुम्हा मुलांना जागा निवडता येते हे चांगलं आहे. नीट निवडा.

सई_सई
अण्णा काका 🙏 माझ्या पणजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. मला लहानपणी वाटायचं ती तशीच जन्मली

ढोलकरी_सदाशिव
मी कमरेच्या हाडावर काढला, उजव्या बाजूला, जूनच्या शेवटी, आणि डोक्यातच आलं नाही की जुलैत नदीपात्रात गणपतीच्या ढोलपथकाचा सराव सुरू होतो. ढोल कुठे येतो? बरोब्बर तिथेच. पहिल्या रविवारी रुमाल बांधून वाजवलं, घरी येऊन टीशर्ट काढायला गेलो तर खपलीसकट निघाला. ज्याने काढला तो म्हणाला अरे बाबा मी विचारलं होतं की खेळतोस का काही, तू नाही म्हणालास. मला वाटलं क्रिकेट वगैरे विचारतोय. दोन अडीच आठवडे तिथे काही घासायला नको, घाम नको, पोहणं नको हे त्याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. आता तिथे एक पांढरट चट्टा आहे, विसर्जनानंतर भरून घेणार

मधली_ओळ
@ढोलकरी_सदाशिव या वर्षी ध्वज घे हातात, कमरेला आराम 😄

ढोलकरी_सदाशिव
ध्वजवाल्यांचे खांदे बघितलेत का तुम्ही. त्यापेक्षा ताशा शिकतो

ताशा_आणि_तर्री
ताशाचा पट्टा मानेला येतो, मानेवर काढू नकोस म्हणजे झालं. कुठलं पथक रे तुमचं?

निवांत_कर्वेनगर
सिझेरियनच्या व्रणावर. हे कुणाशी बोलले नाहीये, इथे लिहिते. बाळ सात महिन्यांचं होतं तेव्हा गेले होते, तिथल्या मुलीने बघितलं, बोट न लावता नुसतं बघितलं, आणि म्हणाली ताई हा अजून लाल आहे, निदान वर्ष तरी जाऊ दे, पांढरा आणि सपाट झाला की ये. मग विचारलं कान टोचले तेव्हा गाठ आली होती का? आली असेल तर व्रणाच्या जागी पण तशी फुगू शकते, मग नकोच. मला राग आला होता तेव्हा. पैसे घेऊन गेले होते.
तीन वर्षांनी परत गेले. जुईची वेल आहे, डावीकडून सुरू होऊन व्रणाच्या थोडी वर चढते, व्रण पूर्ण झाकला नाही, त्याच्या कडेकडेने नेली कारण व्रणात शाई एकसारखी धरत नाही, कुठे जास्त पिते कुठे सोडून देते. दुखणं पण विचित्र, मधे बोटभर जागेत काहीच कळत नाही आणि लगेच शेजारी असं झणझणतं की पाय उचलला जातो. सासूबाईंना मोरी साफ करताना साडी खोचली तेव्हा चुकून दिसली. मला वाटलं आता बोलतील. म्हणाल्या, माझा टाका उभा आहे, बेंबीपासून खाली, त्यावर काय बसेल ग?

मृद्गंध
@निवांत_कर्वेनगर सासूबाईंना माझा नमस्कार सांग. उभ्या टाक्यावर निशिगंधाचा दांडा!!

निवांत_कर्वेनगर
सांगितलं, हसतायत. म्हणाल्या मधुमेह आहे म्हणून वाचले

भूल_देणारी_मावशी
मी भूल देते ऑपरेशनला, म्हणून थोडं. कमरेच्या मागे मणक्यावर टॅटू असलेल्या मुली बाळंतपणात घाबरून विचारतात की पाठीत इंजेक्शन मिळेल का. शक्यतो आम्ही शाई नसलेली जागा शोधतो, नक्षीत कुठेतरी मोकळी जागा सापडतेच बहुतेक वेळा. म्हणून पाठीवर काढताय तर मधे थोडी कोरी कातडी सोडा, एवढं आमच्यासाठी करा.
दुसरं, ते बधिर करायचं लिग्नोकेनचं क्रीम. दुखू नये म्हणून अख्ख्या मांडीला थापून वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन दोन तास बसतात मुलं. ते अंगात शोषलं जातं, जास्त झालं तर चक्कर, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. हातभर जागेला नको, डॉक्टरांना विचारून. तीळ असेल तर त्यावर शाई नको, पुढे तिळात काही बदल झाला तर दिसत नाही. सुई नवी आणि पाकीट तुमच्या समोर फोडलेलं, यात लाजायचं नाही, हेपॅटायटिस बी, सी डोळ्यांना दिसत नाही. आणि टॅटूनंतर १२ महिने रक्तदान नाही. कॉल आला, येते

केदार_वारजे
मावशी धन्यवाद, १२ महिन्यांचं माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीचं शिबिर आहे २६ जानेवारीला, त्यात मी नाव दिलंय, आता मागे घेतो.
माझा भाऊ बारावीला आहे, खडकवासल्याच्या एनडीएचं (लष्करी अधिकारी घडवतात ती) स्वप्न लहानपणापासून, तिच्यासमोरून गेलो तरी गाडी हळू कर म्हणतो. त्याला गळ्याच्या हाडावर, शर्टाच्या आत, आजोबांचा बिल्ला नंबर काढायचा होता. मी नेणारच होतो. नशीब आधी नियम वाचले. कायमचा टॅटू फक्त कोपराच्या आतपासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतो, बाकी अंगावर चालत नाही, आदिवासी मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. शर्टाच्या आत कोण बघतंय असं वाटतं पण मेडिकलला शर्ट काढायलाच लावतात. आता म्हणतो पास आऊट झाल्यावर बघू.

सई_सई
त्याला खूप शुभेच्छा!! आजोबांचा नंबर पाठ असेल ना त्याला, तेवढं पुरे सध्या

मधली_ओळ
आम्ही दोघांनी लग्नात अंगठीऐवजी बोटाच्या बाजूला बारीक रेघ काढली. बोटाच्या कडेला रंग टिकत नाही, कातडी सतत घासते, सतत पाण्यात. वर्षभरात अर्धी गेली. बोट, तळवा, पायाचा तळ इथे काढणार असाल तर परत परत भरायची तयारी ठेवा

मृद्गंध
कुणाची आधी गेली? तुझी असणार, भांडी

मधली_ओळ
नाही, त्याची. भांडी तो घासतो ❤️

मृद्गंध
दृष्ट काढ त्याची

हेल्मेट_सक्ती
कानामागे. दुखणं कमी, आवाज जास्त. कवटीच्या हाडावर मशीन टेकलं की सगळ्या डोक्यात भुंगा, दात पण थरथरतात. पंधरा दिवस हेल्मेट घालता येईना, वनाज ते रामवाडी मेट्रोने ऑफिस. तेव्हापासून मेट्रोच घेतो, पुस्तकं वाचून होतात. सध्या वाचनालयाची वर्गणी भरलीये परत, १२ वर्षांनी

शांता_अरण्येश्वर
रात्रीचे दोन वाजलेत, सगळा धागा वाचून काढला. मी ४९. तीन वर्षांपूर्वी डावा स्तन काढला, नंतर परत घडवला. आकार आला पण समोर कोरं. कपडे बदलताना मी दिवा बंद करायचे. मग प्लास्टिक सर्जनने सुचवलं की पुढचं बोंड आणि भोवतीचं वर्तुळ टॅटूने काढतात. मला माहीतच नव्हतं असं असतं.
ज्या बाईंनी काढलं त्यांनी आधी अर्धा तास नुसते रंग मिसळले. उजव्या बाजूशेजारी ठेवून बघायच्या, पुसायच्या, अजून थोडा तपकिरी, थोडा गुलाबी, खिडकीशी नेऊन उजेडात परत बघितलं. जागा मीच ठरवायची होती. आरशासमोर उभं करून म्हणाल्या, तुम्हाला जिथे असायला हवं असं वाटतं तिथे पेनाने खूण करा. माझ्या स्वतःच्या अंगावर मी बोटभर वर, बोटभर खाली असं करत बसले. कडेला गडद, मधे फिकट छटा देऊन असं काढलं की सपाट असून उठाव दिसतो. सुरुवातीला फार गडद वाटलं, दोन महिन्यांत निवळलं.
आणि दुखलं नाही. तिथे काही कळतच नाही मला. मशीन चालू आहे, दिसतंय, आणि काहीच नाही. त्याचंच रडू आलं. सगळे इथे लिहितात किती दुखलं, मला तुमचा हेवा वाटला, खरंच सांगते.
दिवा आता चालू असतो.

रेवा_डहाणूकर
शांताताई. सकाळी वाचलं. डबे भरायचे होते, तशीच ओट्याशी उभी राहिले.

निवांत_कर्वेनगर
ताई तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. माझ्या आत्याला वाचून दाखवणार आहे, तिचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, ती पण दिवा बंद करते.

अण्णा_बिबवेवाडी
शांताताई, औक्षवंत व्हा.

शांता_अरण्येश्वर
सगळ्यांचे आभार. निवांत, आत्याला माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर. भूलवाल्या मावशी, एक विचारायचं होतं. मला हातावर एक काढायचा आहे, मुलगी लहानपणी काढायची तो सूर्य, हसऱ्या तोंडाचा. डाव्या मनगटावर हवा होता पण त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात.

भूल_देणारी_मावशी
डाव्या हाताला नको. गाठी काढल्यावर त्या हाताला सूज येण्याची शक्यता कायम राहते, सुईच्या जखमेतून जंतू गेले तर जास्तच. तुम्हाला त्या हाताला सुई, बीपीचा पट्टा टाळा म्हणून सांगितलं असेल. उजव्या हाताला काढा, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारून.

शांता_अरण्येश्वर
विचारलं, हो म्हणाले. उजव्या मनगटाच्या आत काढायचा म्हणते. तिथे अजून सगळं कळतं मला, दुखेल. चालेल. पण एकटीने जायला धीर होत नाही.

रेवा_डहाणूकर
मी येते. त्याच मुलाकडे जाऊ, अजून तिथेच आहे तो, आता केस पिकलेत. शनिवारी चालेल का? रिकाम्या पोटी जायचं नाही हं, चक्कर येते, आधी वैशाली हॉटेलात एसपीडीपी (शेव बटाटा दही पुरी) खाऊ. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, मेट्रोने डेक्कनला उतरा, मी जिन्यापाशी असेन.

शांता_अरण्येश्वर
शनिवार. दहा वाजता. मुलीचं ते चित्र फ्रिजवरून काढून पिशवीत ठेवलं.