मदत हवी आहे: ॲस्पिरिन ७५ चालू असताना आयब्युप्रोफेन (वेदनाशामक) कसं बसवायचं?

वडील ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट. रोज जेवणानंतर ॲस्पिरिन ७५, तीही आतड्यात विरघळणारी आवरणाची गोळी. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४० (ॲसिडिटीची गोळी). क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी) बंद झालंय. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, अल्सर नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ६५० तीन वेळा आणि डायक्लोफिनॅक जेल, तीन आठवडे करून झालं. रात्रीचा ठणका जात नाही. आता पाच दिवस आयब्युप्रोफेन ४०० लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. ते आधी पोटात गेलं तर प्लेटलेटवरची (रक्त गोठवणाऱ्या पेशींवरची) ॲस्पिरिनची जागाच अडवतं, म्हणून ते साध्या, बिनआवरणाच्या ॲस्पिरिननंतर किमान अर्धा तास किंवा तिच्याआधी आठ तास, हे माहीत आहे. पण आवरणाची गोळी उशिरा विरघळते, तिथे हा हिशोब धरता येत नाही. ॲस्पिरिन बंद करणार नाही. सोमवारी डॉक्टरांकडे काय मागावं: बिनआवरणाची ॲस्पिरिन, की वेदनाशामकच बदलून?