पेटी नाही, वायरी बघा

‘लोखंडी कॅबिनेटमध्ये ठेवला की कॉम्प्युटरला काही होत नाही’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आसपासच्या मशीनच्या विजेचा त्रास (इलेक्ट्रिकल नॉइज) पत्र्यातून कमी आणि आत शिरणाऱ्या वायरींतून जास्त येतो. लांब वायर म्हणजे अँटेनाच. आमच्या वर्कशॉपात सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) स्पिंडलची, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या मोटरची, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू केली की कॉम्प्युटरचं यूएसबी कनेक्शन तुटायचं आणि काम मध्येच बंद. (कंट्रोलर बोर्ड दोनदा बदलून झाला, उगाच.)

हाय-स्पीड यूएसबीचा सिग्नल जेमतेम ४०० मिलिव्होल्टचा, आणि त्याला खेटून जाणाऱ्या मोटरच्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतायत! केबलवर फेराइटचं (नॉइज दाबणारं) कडं बसवून थोडाच फरक पडला. शेवटी मोटरला शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल घातली, शील्ड दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलं आणि यूएसबी आखूड करून दुसऱ्या बाजूने नेली. त्यानंतर मशीन अडकलेलं नाही.