भंगार विकताना ओळखपत्र मागितलं का? तुमचे अनुभव इथे लिहा

गेल्या महिन्यात आईच्या माळ्यावरची भांडी खाली काढली. गळका तांब्याचा बंब, दोन पितळी पातेली, चेपलेलं घंगाळ आणि जर्मनची ताटं. कल्हईवाल्याने बंब हातात घेऊन "आता याला मोडीतच काढा" असं सांगितलं होतं. आईने बंबावरून एकदा हात फिरवला आणि रिक्षात जाऊन बसली. काट्यावर तांबं नऊ किलो सातशे भरलं.

पैसे देताना दुकानदार म्हणाला, "ताई, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. तांब्याला लागतो आता." मागे लोक उभे होते, आई रिक्षात उन्हात बसलेली. मी फोटो पाठवून दिला.

घरी येऊन पावती उलगडली. पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने वजन, दर आणि बेरीज लिहिली होती. कागद उलटला तर दुसऱ्या बाजूला कुणा माणसाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. फोटो, जन्मतारीख, घर क्रमांकासह पूर्ण पत्ता, बाराच्या बारा आकडे. त्या माणसानेही कधीतरी असंच काहीतरी विकलं असेल आणि आता त्याची सगळी ओळख माझ्या पर्समध्ये होती. माझी कुणाच्या पिशवीत जाईल?

माझं मत आधीच सांगते. तांबं-पितळ कोण विकतंय याची नोंद व्हायलाच हवी. पण ती नोंद ठेवायला माझं कार्ड दुकानदाराच्या फोनमध्ये आणि त्याच्या रद्दीत कशाला पडून राहायला हवं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. विकणारे, विकत घेणारे, ज्यांच्याकडे चोरी झाली ते, परदेशात राहणारे, सगळ्यांनी लिहा. दुकानांची नावं मात्र नकोत.

शेतकरी, मिरज तालुका

ताई, तुमचा राग समजतो, पण आमची बाजूही ऐका. दोन वर्षांपूर्वी सकाळी विहिरीवर गेलो तर स्टार्टरची पेटी उघडी, केबल कापलेली, आणि काठावर मोटरची बॉडी खोलून टाकलेली. आतलं वायंडिंग तेवढं नेलं होतं. तीन-चार किलो तांब्यासाठी अख्ख्या मोटरीचं वाटोळं. नवी मोटर येऊन बसेपर्यंत उसाची पाण्याची पाळी चुकली, ते नुकसान वेगळंच. त्या आठवड्यात आमच्या शिवारात तिघांच्या मोटरी गेल्या.

बंधाऱ्यांचंही तेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे लोखंडी बर्गे पावसाळ्यात काढून काठावर रचून ठेवतात आणि पावसाळा सरला की पाणी अडवायला परत बसवतात. बसवायच्या वेळी मोजावे तर कमी भरतात. एवढं जड लोखंड कुणी घरी ठेवायला नेत नाही. ते कुठल्या तरी काट्यावरच जातं, आणि तिथे कुणी तरी ते डोळे मिटून घेतं. प्रत्येक काट्यावर "तू कोण, कुठला" एवढं जरी विचारलं तरी निम्मे चोर वाटेतून परत फिरतील असं मला वाटतं.

गेल्या वर्षी माझीच जळकी मोटर विकायला गेलो. कार्ड मागितलं, दिलं. मला काही वाटलं नाही. पण त्याची झेरॉक्स अशी पाठकोरी म्हणून वापरत असतील तर ते बरोबर नाही, हे मान्य.

भंगार दुकान, चाकण रस्ता

मी काट्याच्या या बाजूने लिहितो. वडिलांनी पाटीवर खडूने हिशेब केला, संध्याकाळी पुसला, असा धंदा होता. माझ्या हातात दुकान आल्यावर पहिल्याच वर्षी दोन पोरं जाळलेली तार घेऊन आली. मी घेतली. आठ दिवसांनी पोलीस त्यातल्याच एकाला घेऊन दुकान दाखवायला आले. माल जप्त, दिलेले पैसे बुडाले, चार दिवस दुकान बंद, आणि गल्लीत नाव खराब झालं ते निराळं. चोरीचा आहे हे माहीत असून माल घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, पूर्वी ते ४११ होतं. मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायला माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती.

तेव्हापासून लांब वही ठेवली. तारीख, नाव, गाव, मोबाईल, गाडीचा नंबर, माल काय, वजन किती, आणि सही. कार्ड हातात घेऊन बघतो, चेहरा जुळवतो, शेवटचे चार आकडे लिहितो, कार्ड परत. आधी मीही झेरॉक्स ठेवायचो. एका पावसाळ्यात पत्रा गळला आणि गठ्ठ्याचा लगदा झाला. त्या लगद्यातून पोलिसांना काय दाखवणार? वहीतली ओळ मात्र आजही सापडते.

दुसरं म्हणजे, रक्कम मोठी असेल तर मी खात्यावर टाकतो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ पासून तर नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याकडून धातूचं भंगार घेतलं की १८ टक्के जीएसटी माझ्यासारख्या नोंदणी असलेल्यानेच भरायचा. म्हणजे कुणाकडून घेतलं हे मला तसंही लिहावं लागतं. पैसे खात्यावर गेले की त्या माणसाचा माग बँकेत राहतो. मग कार्डाचा फोटो फोनमध्ये साठवून मला काय मिळणार?

आणि मालच बोलतो हो. घरची मोड काळवंडलेली, हिरवट, कडेला चिंचेने घासल्याच्या खुणा असलेली. चोरीची तार करकरीत कापलेली किंवा नुकतीच जाळलेली, अजून धुराचा वास मारते. ताईंचा बंब बघून कुठल्याही जुन्या दुकानदाराने तो घरातलाच आहे हे ओळखलं असतं.

बर्मिंगहॅम

इथे या गोष्टीला सरळ कायदाच आहे. रेल्वेच्या सिग्नलच्या केबली आणि चर्चच्या छपरांवरचं शिसं इतकं चोरीला जायला लागलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या डिसेंबरात भंगारासाठी रोख पैसे देण्यावर बंदी आली, आणि १ ऑक्टोबर २०१३ पासून नवा भंगार कायदा लागू झाला. दुकानदाराला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासल्याशिवाय त्याला माल घेता येत नाही.

बॉयलर बदलला तेव्हा तांब्याचे पाइप घेऊन मी गेले होते. ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं, कारण त्यावर फोटो आणि पत्ता दोन्ही असतात. नुसता पासपोर्ट असेल तर सोबत बँकेचं किंवा विजेचं ताजं बिल लागतं. माल, वजन, गाडीचा नंबर, वेळ, सगळं संगणकात गेलं. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. मी विचारलं, हे किती दिवस ठेवता? काउंटरवरच्या बाईंनी लगेच सांगितलं, कायद्याने तीन वर्षं. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते लेखी मागायचा हक्क मला आहे, हेही मला ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर कार्ड देताना मला त्रास झाला नाही तो याचमुळे. का मागतात, किती ठेवतात आणि नंतर कुणाला विचारायचं, या तिन्हीची उत्तरं काउंटरवरच मिळाली.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आमच्याकडे अंगठा घेतात.

गॅरेजमधली जुनी तांब्याची नळी आणि पितळेचे नळ घेऊन गेलो होतो. लायसन्सची प्रत, माझा फोटो, मालाचा फोटो, गाडीची नंबरप्लेट आणि मग शाईचं छोटं पॅड पुढे आलं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम अशा लोखंडाव्यतिरिक्तच्या धातूंना पैसेही तिथल्या तिथे देत नाहीत, तीन दिवस थांबावं लागतं. चोरीचा माल असेल तर तेवढ्यात तक्रार यावी, हा हेतू. २००८ पासून हे असं आहे. शीतपेयांचे रिकामे डबे परत करणाऱ्यांना यातून सूट आहे.

कायदा म्हणून मी अंगठा दिला. पण घरी येताना आजोबाच डोळ्यांसमोर होते. सावकाराच्या कागदावर त्यांच्या वडिलांचा अंगठा होता आणि त्या कागदावर वर काय लिहिलंय हे त्यांना कधी कळलं नाही. दोन एकर गेले. म्हणून आजोबा चौदाव्या वर्षी रात्री कंदिलासमोर बसून सही शिकले. आमच्या घरात कुणीही न वाचता कागदावर काही उमटवायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा. मी काउंटरवर उभा राहून तो छापील मजकूर शेवटपर्यंत वाचला. मागचा माणूस कुरकुरला, तरीही वाचला.

पुणे, आईच्या वतीने

माझी आई कचरावेचक. वरच्या काहींना ओळखपत्र दाखवायचा जाच वाटतो, आमच्या घरात मात्र ओळखपत्र आल्यावर उजाडलं. मी लहान असताना आई पहाटे पोतं घेऊन निघायची, आणि पोत्यात नळाची तोटी किंवा पितळेचा तुकडा निघाला की कुणीही तिला धरायचं, "कुठून उचललं?" दोनदा चौकीत बसवून ठेवलं होतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये सुरू झाली. संघटनेचं कार्ड आईला मिळालं आणि पुढे महापालिकेनेही ती कार्डं मानली. आई ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवायची. कुणी अडवलं की कार्ड काढून समोर धरायची आणि सरळ बघायची. त्याआधी ती खाली बघायची.

ते कार्ड तिच्याजवळच राहायचं. दाखवायचं आणि परत ठेवायचं. कुणी ते काढून घेत नव्हतं.

शिक्षक, बीड जिल्हा

हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहितो. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गावोगाव फिरून लोखंड-पत्रा गोळा करतात. समाज पारधी. एका नव्या दुकानात आधार दाखवलं, दुकानदाराने आडनाव वाचलं आणि माल घ्यायचं नाकारलं. "तुमच्याकडून नको, पोलिसांची भानगड होते." पोत्यात काय होतं? जुने पत्रे, बिडाचा तवा, सायकलची रिम. दुसऱ्या एका दुकानाने घेतलं, पण निम्म्या भावाने, आणि त्याला ते द्यावं लागलं.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून उतरला. काट्यावर तो अजून आहे. नाव लिहून घ्या म्हणणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नाव वाचल्यावर पुढे काय होतं तेही बघा. तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. मी पालावर गेलो तेव्हा वडिलांनी तेच आधार कार्ड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "गुरुजी, यात चुकीचं काय लिहिलंय?"

बँक कर्मचारी, कोल्हापूर

कामाचं तेवढं सांगतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार डाउनलोड होतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. तेच फोनमध्ये ठेवा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं, फोटोला आणि मजकुराला छेदून लिहा, "फक्त भंगार विक्रीसाठी", तारीख आणि सही. मग तीच प्रत सिमकार्डाला किंवा कर्जाला वापरणं अवघड जातं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द केला. त्यामुळे लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा आणि आग्रहाने सांगा की हेच बघा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पाठवलं असेल तर समोर उभं राहून डिलीट करायला लावा.

ठाणे

जुनी स्कूटर. मी उलटी चूक केली, काहीच कागद केला नाही. दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली, रोख घेतले, विसरून गेले. आरसी बुक माझ्याच नावावर. दीड वर्षाने चलन आलं! ती स्कूटर कुणीतरी चालू करून फिरवत होतं. गाडी मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथे कागद मागतात ते द्या आणि गाडी मोडीत जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घेतल्याशिवाय निघू नका.

धागा काढणारी

सगळं वाचलं. चाकणच्या दादांचा वहीचा भाग मी फोनवर उघडून परवा त्याच दुकानात गेले. दुकानदार भला माणूस आहे, चिडला नाही. म्हणाला, "ताई, पोलीस आले की मला काहीतरी दाखवायला लागतं, एवढंच." वहीची कल्पना त्याला पटली. माझा फोटो त्याने माझ्यासमोर डिलीट केला, गॅलरीतूनही. शेजारच्या दुकानातून लांब वही आणायला पोराला पाठवलं. पारध्याच्या मालाचं विचारलं तेव्हा मात्र तो गप्प बसला आणि काट्यावरचं वजन उगाच सरळ करत राहिला.

माझ्याकडची ती झेरॉक्स बारीक फाडून टाकली. बाकीचा गठ्ठा द्यायला तो तयार झाला नाही, दोन वर्षांच्या खरेदीचा तोच पुरावा आहे म्हणाला. सुतळीने बांधलेला तो गठ्ठा अजून काट्याच्या फळीखाली आहे, वरच्या कार्डावर तेलाच्या बोटांचे ठसे. पुढच्या आठवड्यात वही आली का ते बघायला जाणार आहे. कुणाच्या ओळखीच्या दुकानात जुन्या प्रतींची नीट विल्हेवाट लावली असेल तर कशी लावली ते लिहा, त्याला दाखवते.