उन्हाळ्यात बहाव्याखाली थांबून बघा

मे महिन्यात नागपुरात फोटो काढण्यासारखं काही उरत नाही, हे मत मला मुळीच पटलं नाही. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या जैवविविधता उद्यानात बहावा फुललेला असतो तेव्हा नुसत्या पिवळ्या घोसांवर कॅमेरा रोखू नका, कोवळ्या पालवीकडे बघा. कॉमन एमिग्रंट फुलपाखराची मादी तिथेच अंडी घालते. पानावर क्षणभर टेकते, पोटाचं टोक वाकवते, इवलंसं पांढरं अंडं चिकटवते नि उडते. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी ठेवलात तर पंख पुसट येतात.

पक्ष्यांसाठी सावलीतलं पाणी गाठा. स्वर्गीय नर्तक फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो आणि परत त्याच फांदीवर येऊन पिसं झटकतो, म्हणून फोकस फांदीवर धरून ठेवा. लांब शेपटीचा तांबूस नर दिसला तर त्याला मादी समजू नका.

आठ-साडेआठनंतर तापल्या जमिनीवरची हवा थरथरते, टेलिलेन्सने दूरचं काही शार्प येत नाही. आणि कळकळीची विनंती, हा विणीचा काळ आहे. घरट्याजवळ जाऊ नका, आडव्या येणाऱ्या फांद्या तोडू नका. त्याच पानांच्या सावलीत पिल्लं तगतात.