समोर गुन्हा घडत असेल तर मध्ये पडायचं की नाही?

गिरणाकाठ (एरंडोल)

धागा काढायचं कारण आमच्या घरातलं भांडण. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या बसस्टँडवर एक माणूस बायकोला चपलेनं मारत होता. फलाट भरलेला, रसवंतीवर गर्दी, कोणी हललं नाही. माझा पुतण्या पुढे गेला आणि त्यानं त्या माणसाचा हात धरला. शिव्या खाल्ल्या, शर्टाचा खिसा फाटला. तेवढ्यात ती बाई पोराला घेऊन लागलेल्या गाडीत चढली आणि गेली. घरी पुतण्याला शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं. वहिनींचा पहिला प्रश्न, "कसाले पडस भानगडमा?" तेव्हापासून घरात दोन पार्ट्या आहेत.

माझी पार्टी उघड आहे. पडायला पाहिजे. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्यानं हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक पोरगा धावला, त्यानं कोयता अडवला, मुलगी वाचली. बरोबर वर्षभरानं, जून २०२४ला वसईत एकानं भररस्त्यात तरुणीला लोखंडी पान्यानं मारून टाकलं. रस्त्यावर माणसं होती. एक जण अडवायला गेला, त्याच्या मागे कोणी उभं राहिलं नाही, तो मागे सरला. एकटा माणूस मागे सरतो, त्यात त्याचा दोष नाही. बाकीच्यांचं काय?

कपाशी_चोपडा

पूर्ण असहमत. पुतण्याचं कौतुक आहे, पण वहिनींचा प्रश्न बरोबर आहे.

आमच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारींची केबल चोरीला जाणं नवीन नाही. आत तांबं असतं. रात्री कापायची, जाळून वरचं प्लास्टिक काढायचं, भंगारात घालायची. लाइट रात्रीची म्हणून पाणी भरायलाही आम्ही रात्रीच जातो. अशाच एका रात्री मी दोघांना ओळखलं. तक्रारीत नावं दिली, साक्षीदार झालो. पुढचं ऐका. तारखेला जायचं म्हणजे त्या दिवशी शेतात मजूर लावायचा, भाडं घालायचं, दुपारपर्यंत बाकावर बसायचं आणि समोरचा वकील आला नाही म्हणून नवी तारीख घेऊन परत यायचं. मधल्या काळात माझ्या ठिबकच्या नळ्या कोणीतरी कापल्या. पंचनाम्यात काय आलं? अज्ञात इसम. अख्खं गाव त्या अज्ञात इसमाला रोज पारावर रामराम घालतं.

रावेर-यावलकडे रात्रीतून उभी केळीबाग कापून टाकतात. वर्षाची कमाई सकाळी आडवी. गावात विचारा, कुजबुज सगळ्यांना माहीत असते. कोण बोलतं?

आणि मध्ये पडणाऱ्यांचं काय होतं तेही लिहा ना. २०११ला मुंबईत अंधेरीला मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुणांना भोसकलं, दोघंही गेले. चौघांना जन्मठेप झाली ती २०१६ला.

मानस_धुळे

मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे म्हणून थोडं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला एका तरुणीचा खून झाला आणि ३८ जणांनी तो नुसता पाहिला अशी बातमी छापून आली. त्यावरून लाताने आणि डार्ली या दोघांनी १९६८ मध्ये प्रयोग केले. निष्कर्ष असा, की आजूबाजूला माणसं जास्त असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी तरी करेल. पुढे ती ३८ची बातमीच फुगवलेली निघाली. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली २१९ भांडणं तपासली गेली. १० पैकी ९ भांडणांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. माणसं जास्त, तेवढी कोणी तरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. म्हणजे माणूस मुळात बघ्या नसतो.

अमळनेरकर

अ‍ॅमस्टरडॅमच्या कॅमेऱ्यांवरून अमळनेरचा अंदाज बांधू नका हो. तिथल्या रस्त्यावर भांडणारे आणि सोडवणारे एकमेकांना पुन्हा भेटत नाहीत. इथे मारणारा माझ्या चुलतभावाचा साडू निघतो आणि लग्नसराईत त्याच्याच शेजारच्या पंगतीला बसायचं असतं. आपल्याकडचा बघ्या गर्दीत हरवलेला नसतो. सगळे त्याला नावानं ओळखतात, म्हणून तो गप्प बसतो.

कपाशी_चोपडा

+१. हेच म्हणत होतो, मला मांडता आलं नाही.

शिरपूरची

ओळख आहे म्हणून गप्प? मग त्या बाईची कोणाशीच ओळख नव्हती का? तीही कोणाची तरी भाची, पुतणी असेलच. ओळखीचं ओझं नेमकं मारणाऱ्याच्या बाजूनंच का पडतं, हे अमळनेरकरांनी सांगावं.

आणि "नवरा-बायकोचा मामला" हे तर बोलूच नका. १९७०च्या दशकात इथेच, शहाद्याकडे, भिल्ल बायांनी दारूबंदीसाठी गावोगाव जाऊन भट्ट्यांची मडकी फोडली. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीचा तो काळ. त्या बाया मडकी फोडून थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्याच्या दारात जमून त्याला चारचौघांत जाब विचारायला लागल्या. त्यांच्याकडे ना कोयता होता ना वकील. नात्यागोत्यातलेच नवरे होते ते, आणि रात्री त्यांना परत त्याच गावात झोपायचं होतं. मग आपल्या फलाटावरच्या शर्ट-पँटवाल्यांना काय झालं?

मला स्वतःला एवढंच कळतं, की एसटीत कोणी अंगचटीला येत असेल तेव्हा "ओ भाऊ, काय चाललंय?" असं एका अनोळखी बाईनं मोठ्यानं विचारलं तरी पुरतं. हिरोगिरी कोणीच मागत नाहीये.

पांझराकाठ (साक्री)

इथे कोणी "मध्ये पडा" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आमच्या तालुक्यात लोक मध्ये पडले होते.

तारीख १ जुलै २०१८, वार रविवार. राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा कितीतरी दिवस फिरत होत्या. कोणाला तरी संशय आला. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारलं. पाचही जण मेले. मूल कोणाचंच पळवलेलं नव्हतं. त्या गर्दीतल्या कोणालाही विचारलं असतं तर तो छाती काढून म्हणाला असता, आम्ही गुन्हा रोखतोय.

गिरणाकाठ, तुमच्या पुतण्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि एक हात धरला. ते वेगळं. पण "समाजानं पुढे यावं" असं सरसकट आवाहन करता तेव्हा ते ऐकणारा प्रत्येक जण तुमचा पुतण्या नसतो. आपल्याकडची गंमत बघा (गंमत कसली म्हणा), परका असला की पन्नास हात उठतात, ओळखीचा असला की पन्नास माना खाली जातात. बसस्टँडवरचे लोक आणि बाजारातले लोक मला तरी वेगळे वाटत नाहीत.

त्याच महिन्यात, १७ जुलैला, सुप्रीम कोर्टानं झुंडबळींबद्दल निकाल दिला, प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. आता नव्या भारतीय न्याय संहितेत जात, समुदाय, भाषा असल्या कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, असं वेगळं कलमच आहे. १०३ (२).

गिरणाकाठ (एरंडोल)

पांझराकाठ, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. पण एक विचारतो. त्या बाजारात ज्यांना हे पटत नव्हतं असे लोक नसतीलच का? असणार. त्या दिवशीचे खरे बघे ते. मारणाऱ्यांना "थांबा, आधी पोलिसांना बोलवा" म्हणणारे पाच-दहा जण एकत्र उभे राहिले असते तर? म्हणजे मध्ये पडणं तिथेही हवंच होतं, फक्त उलट्या बाजूनं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन.

पांझराकाठ (साक्री)

चिडलेल्या शेकडो लोकांसमोर पाच-दहा जण? लिहिणं सोपं आहे. मुद्दा मान्य, शक्यता अमान्य.

निवृत्त_हवालदार

भावनेच्या भरात बरंच लिहून झालं, आता थोडं कामाचं.

१. कायदा तुम्हाला बांधून ठेवत नाही. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीही बळ वापरायचा अधिकार आहे, न्याय संहितेचं कलम ३५ बघा. पण जेवढी गरज तेवढंच. तो पळत सुटला, खाली पडला, हातातलं हत्यार गेलं, की तुमचा अधिकार तिथे संपला. त्यापुढची प्रत्येक लाथ हा तुमचा गुन्हा. राईनपाड्यात तर सुरुवातच या अधिकाराच्या बाहेर होती.

२. डोळ्यांसमोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तर साधा नागरिकही आरोपीला धरू शकतो. नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०. मात्र विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. धरायचा म्हणजे धरायचा. खांबाला बांधून धुवायचा नाही.

३. ११२ लावा. फोनवर "लवकर या" एवढंच ओरडू नका. जागा सांगा. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड, पेट्रोल पंप, ढाब्याचं नाव. गावात असाल तर वस्ती, मंदिर, शाळा. तालुका आवर्जून सांगा, एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात आणि गाडी भलतीकडे जाते.

४. गर्दीत "कोणीतरी फोन करा" म्हणू नका. एकाकडे बोट दाखवा, "निळा शर्टवाले दादा, तुम्ही फोन लावा." तो लावतोच. मानसनं सांगितलेलं शास्त्र आम्ही न शिकता वापरत होतो.

५. व्हिडिओ काढला तर पोलिसांना द्या. गावाच्या ग्रुपवर टाकू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर तिथे "पडू की नको" हा प्रश्नच नाही. पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. शेजारी असलात तरी, नात्यातले असलात तरी.

सातपुड्याचा (धडगाव)

आमच्याकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाईला डाकीण ठरवून मारतात तेव्हा पाहणारे सगळे घरचेच असतात. दीर, चुलते, पाड्यावरचे. मांत्रिकानं नाव घेतलेलं असतं आणि घरात मूल आजारी असतं, त्यामुळे गप्प बसणाऱ्याला अर्धवट पटलेलंही असतं. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण फोनला रेंज यायला डोंगर चढावा लागतो अशा पाड्यावर ११२चा सल्ला वाचून हसू आलं. राग नाही, हवालदार साहेब. आमच्याकडे आतापर्यंत जे थोडंफार थांबलंय ते आशाताई, शाळेतले गुरुजी आणि कार्यकर्ते अशांमुळे. मारायला उठायच्या आधी, मूल आजारी पडलं तेव्हाच त्या घरी गेलेली ही माणसं. त्याला तुम्ही मध्ये पडणं म्हणता की नाही, मला माहीत नाही.

शिरपूरची

म्हणते मी. शंभर टक्के.

कपाशी_चोपडा

सगळं वाचलं. हवालदार साहेबांची यादी चांगली आहे, पण ती पोलिसांची गाडी येईपर्यंतची आहे. माझा प्रश्न गाडी गेल्यानंतरचा आहे, तो तसाच राहिला.

अपघातात मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलं. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातलं, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीला ओढायचं नाही. छान झालं, हायवेवर लोक आता निदान गाडी थांबवतात. मग दरोडा पाहणाऱ्याला तसं काही का नाही? उलट खून-दरोड्यासारखे गुन्हे कळले तर माहिती द्यायचं कर्तव्य कायद्यानं माझ्यावरच टाकलंय. वाळूवाल्यांना अडवणाऱ्या तलाठ्यांवर हल्ले होतात, त्यांच्यामागे तर सरकार आहे. माझ्यामागे कोण? ठिबकच्या नळ्यांचे पैसे मी खिशातून भरले.

निवृत्त_हवालदार

तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. तरी तीन गोष्टी. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७चा आहे. नळ्या कापल्या त्याची वेगळी तक्रार देताना "मी अमुक खटल्यात साक्षीदार आहे" हे त्यात लिहून घ्यायला हवं होतं, नुसती नुकसानीची तक्रार झाली की ती अज्ञात इसमाच्या खात्यात जाते. अजूनही लेखी अर्ज देता येईल, सरकारी वकिलांनाही एक प्रत द्या. दुसरं, साक्षीला आल्याचा प्रवासखर्च आणि भत्ता मागता येतो. त्याच दिवशी, कोर्ट सुटायच्या आत मागायचा. बहुतेक साक्षीदार मागतच नाहीत. तिसरं, नव्या कायद्यात एका पक्षाला दोनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत असं म्हटलंय.

कपाशी_चोपडा

दोन तहकुबी! हे छापून कोर्टाच्या भिंतीवर लावा हो कोणीतरी.

अर्ज देतो. भत्ताही मागतो, बघू किती मिळतो ते. पण पुतण्याला मी अजूनही सांगेन, हात धरायच्या आधी बाजूचे दोघं सोबत घे.

गिरणाकाठ (एरंडोल)

हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, दोघांना विचारलं होतं, त्यांची गाडी लागली होती.